लाभ म्हणजे वन

"फोर आली लाट नि फाइव्ह भिजली गं!"

पार्टिशनपलीकडच्या पहिलीतून पुन्हा तेच गाणं आलं आणि माझ्या तिसरीच्या वर्गाने बाकाखाली पायांनी ठेका धरला. आमच्या दोन वर्गांमध्ये भिंत नाही, प्लायवुड आहे. मी फळ्यावर इलेव्हन, ट्वेल्व्हची स्पेलिंग लिहीत होते. तिकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

"पाय!" मी ओरडले. पाय थांबले, ओठ हलतच राहिले.

आमची शाळा हातखंब्याहून आत, भातशेतीच्या गावात आहे. शिक्षक तिघेच. मुख्याध्यापक घाणेकर सर, मी आणि यंदाच बदलून आलेली शमीम. ती समुद्रकाठच्या नाटे गावची, मच्छीमारांच्या घरातली. पहिली तिच्याकडे. येताना तिने माहेरच्या किनाऱ्यावरच्या पिशवीभर शिंपल्या आणल्या आणि स्वतः रचलेलं गाणं म्हणत ती मुलांना इंग्रजी आकडे शिकवू लागली. 'वन शिंपली, टू शिंपली, थ्री शिंपली गं.' एक शिंपली उचलायची, एक आकडा म्हणायचा. याला आमच्याकडे 'एकास एक संगती' म्हणतात. नुसती आकड्यांची पोपटपंची आणि खरं मोजणं यांतला फरक मुलाला इथे कळतो.

पद्धत चांगलीच होती. म्हणून तर माझ्या पोटात दुखायचं.

इतकी वर्षं शाळेतलं इंग्रजी म्हणजे मी. आंब्याच्या पेट्यांचे पुठ्ठे कापून मी तक्ते केलेत, ते अजून भिंतीवर आहेत. मुलं मला 'बाई' म्हणतात. हिला पहिल्या दिवसापासून 'मॅडम'. सकाळी तिची स्कूटर वळणावर दिसली की पोरं फाटकाकडे धावत सुटतात. मी एसटीतून उतरते तेव्हा धावतात तीही पोरंच, पण वर्गाकडे.

अशात शिक्षण परिषद आमच्या शाळेत आली. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात आणि कोणीतरी सगळ्यांसमोर नमुना पाठ घेतं, ती ही परिषद. इंग्रजीचा पाठ नेहमी माझा असायचा. घाणेकर सरांनी मला ऑफिसात बोलावलं.

"या वेळी पाठ शमीम मॅडमना देऊ. केंद्रप्रमुखांनीच सुचवलंय."

"आणि माझे तक्ते?"

"तक्ते काय, भिंतीवर आहेतच की." मग जरा घुटमळून म्हणाले, "पाठ चांगला झाला, तर चारही वर्गांचं इंग्रजी त्यांच्याकडे देऊ. तुम्ही गणित घ्या. तुमचा भार हलका होईल."

भार! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

परिषदेच्या आदल्या दिवशी शमीम माझ्याकडे आली. "ताई, शिंपल्या माझ्या गावच्या. उद्या इथल्या मुलांच्या घरचं काहीतरी मोजायला घेऊ म्हणते. यांच्या घरी काय मोजतात?"

मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "भात."

दुसऱ्या दिवशी वर्गात सतरंजीवर शिक्षक दाटीवाटीने बसले. केंद्रप्रमुख खुर्चीत. मध्ये एका टोपलीत भात, शेजारी रिकामं सूप आणि एक छोटं माप. आधी शिंपल्यांचं गाणं झालं. कोणाचाच आकडा चुकला नाही. पाहुणे माना डोलवू लागले. मी खिडकीबाहेर बघत होते.

मग शमीमने पहिलीतल्या आर्याला पुढे बोलावलं. "आता भात मोजायचा हं. काउंट!"

आर्याने माप भरलं, वर हात फिरवून सपाट केलं, सुपात ओतलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ!" पुढचं माप. "टू! थ्री!"

सतरंजीवर खसखस पिकली.

"लाभ नाही बाळा, वन," शमीम म्हणाली. "परत कर."

"लाभ. टू."

"वन म्हण."

"नाय म्हननार, मॅडम. भाताला येक म्हनत नाय. आजी वरडंल."

शमीमला काहीच कळेना. तिचा चेहरा उतरला. खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. इंग्रजी आपल्याकडेच राहणार, असं मनात म्हटलं.

तेवढ्यात केंद्रप्रमुख माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही इथल्याच ना? हे लाभ काय प्रकरण आहे?"

विचारल्यावर सांगावं लागलंच. "सर, धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. घरात बरकत राहावी म्हणून. पुढे दोन, तीन, नेहमीसारखं. पोरीचं मोजणं बरोबर आहे."

सांगताना मी जरा ऐटीतच होते. सगळे माझ्याकडे बघत होते ना.

शमीमने ते ऐकलं आणि पुढच्याच क्षणी टाळी वाजवून त्याच चालीत म्हटलं, "लाभ म्हणजे वन गं, वन म्हणजे लाभ!" आर्याचे डोळे चमकले. "लाभ म्हणजे वन!" म्हणत तिने भात पुन्हा मापला. आता आजीही ओरडणार नव्हती आणि मॅडमही. पहिलीचा वर्ग गाऊ लागला, मग सतरंजीवरचे शिक्षक आणि शेवटी पार्टिशनपलीकडून माझी तिसरी.

केंद्रप्रमुख उभे राहिले. "घरच्या शब्दावरून इंग्रजीकडे! वा मॅडम! हा पाठ केंद्रातल्या सगळ्या शाळांत झाला पाहिजे."

'मॅडम' म्हणजे ती. भात सुचवला मी, लाभ समजावला मी. शमीम मात्र सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, हे ताईंमुळे झालं." हे तर फारच झालं. तिने श्रेय लाटलं असतं तर मला चारचौघांत रागावता तरी आलं असतं.

इंग्रजी तिच्याकडे गेलं. मी आता गणित शिकवते. तक्ते अजून भिंतीवर आहेत.

परवा घरी गिरणीत पाठवायला भात काढत होते. माप भरलं, ओतलं. "लाभ. टू. थ्री." ओटीवरून नवऱ्याने विचारलं, "काय म्हणालीस?"

"काही नाही," म्हटलं. भात परत टोपलीत ओतला आणि पहिल्यापासून मापला. मराठीत.

यातून मी एवढंच शिकले, की दोन वर्गांमध्ये भिंत घालायची तर ती चिऱ्याची घालावी.