गुडघ्याचं सुतक

रामकुंडावर माणसं घसरून पडतात ती शेवाळावरून. मी पडलो तो पिंडावरून. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एक विधी आटोपून दुसऱ्या यजमानाकडे लगबगीने निघालो होतो. पायरीवर कोणाच्या तरी आजोबांसाठी ठेवलेला भाताचा गोळा होता आणि माझा उजवा पाय नेमका त्याच्यावर पडला. शरीर एकीकडे गेलं, गुडघा दुसरीकडे, आणि आत काहीतरी तुटल्याचं मला स्वतःला ऐकू आलं. त्या आजोबांना मोक्ष मिळाला की नाही ठाऊक नाही, मला प्लास्टर मिळालं.

आमचं घर पंचवटीतलं. लोकांची गेलेली माणसं मार्गी लावायची, हा पिढीजात व्यवसाय. त्याला बुद्धी जरा कमी असली तरी भागतं, मांडी मात्र पक्की लागते. घाटाच्या दगडावर तासन् तास मांडी घालून बसता येत नसेल, तर पाठ असलेल्या मंत्रांचं काय लोणचं घालायचं? म्हणून मी ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी माझ्याच मांडीतली एक कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, काढली आणि तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवली. काही वर्षं तिने इमानाने काम केलं. मग एका पितृपंधरवड्यात, लोकांचे पितर ओळीने जेवून जात असताना, उठता उठता तीही तुटली.

दुसऱ्या वेळचे डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, या पायातलं वापरून झालंय, चांगल्या पायाला कशाला हात लावायचा? मुंबईच्या टिश्यू बँकेतून मेलेल्या माणसाची कंडरा मागवू. घरच्यांनी दान केलेली असते, तपासून बर्फात ठेवलेली असते. मी फक्त एकच विचारलं, मांडी घालता येईल का? त्यांनी खुर्चीवर बसायचा सल्ला दिला. पितरांना खुर्चीवरून पाणी सोडणारा भटजी त्यांनी कधी पाहिला नसावा. मी समजावून सांगितलं तेव्हा म्हणाले, नेटाने व्यायाम केलात तर बसाल थोडा वेळ.

हे घरी सांगितलं आणि घराची धर्मसभा झाली. मेलेला कोण, कुठल्या जातीचा, मटण खाणारा होता का, अशी चौकशी सुरू झाली. एका आत्याने तर निदान एकादशी करणाऱ्याचं मिळेल का, ते बघायला सांगितलं. भाजीबाजारात वांगी निवडून घेतात, तशी तिला कंडराही निवडून हवी होती.

सभेचे अध्यक्ष अर्थातच काका. माझे सख्खे चुलते. घाटावर त्यांची बसायची जागा माझ्या शेजारी, आणि माझ्या यजमानांवर त्यांचा डोळा मी मुंजीपासून पाहत आलोय. त्यांनी मुद्दा काढला तो सुतकाचा. ज्याचं दहनच पुरं झालं नाही, त्याचं सुतक फिटणार कधी? आणि ज्याच्या अंगात ते न फिटलेलं सुतक, तो दुसऱ्याचे विधी कसे करणार? मी म्हटलं, काका, सुतक नातेवाइकांना असतं, हा माणूस आपल्या गोत्राचा नाही. काका शांतपणे म्हणाले, "तुझ्या गुडघ्यात राहणार म्हणजे सगोत्रच झाला की."

शास्त्र एवढं तत्परतेने कोणाच्या मदतीला धावून आलेलं मी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही. शेवटी स्वयंपाकघराच्या दारातून बायको बोलली, "मेलेल्यांच्या जिवावर आजवर घर चाललंय, आता पायही चालू दे."

ऑपरेशन झालं. काकांनी मोठ्या मनाने परवानगी दिली, फक्त बाहेर कुठे बोलायचं नाही या अटीवर. घराण्याचं नाव जाईल म्हणे. त्या अटीची गोडी मला पुढे कळली. मालेगावकडचा एखादा बडा व्यापारी माझ्या पुढ्यात येऊन बसला की काका माझ्या गुडघ्याकडे बघून खाकरायचे, आणि मी मुकाट्याने त्याला त्यांच्याकडे पाठवायचो. मला राग यायचा. पण यजमानांना कळलं तर एकही उरणार नाही ही भीती रागापेक्षा मोठी होती. मुलं शिकत होती आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

दोनेक वर्षांनी विंचूरकडचा एक शेतकरी मुलाच्या दशक्रियेला आला. पोरगा मोटरसायकलच्या अपघातात गेला होता. पिंड मांडला, सगळे मागे सरले, आणि कावळा शिवेना. यात नवल काहीच नाही. रामकुंडावरचे कावळे खाऊन खाऊन माजलेत, त्यांना भातापेक्षा भजी आवडतात. पण मंडळी मुलाला कबुलीवर कबुली देत होती. आईला सांभाळू, बहिणीचं लग्न करू. शेवटी कोणीतरी पुटपुटलं, दवाखान्यात डोळे अन् हाडं देऊन टाकली ना, मग कसा येईल?

शेजारच्या जागेवरून काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अपुरा देह जाळला. जीव अडकणारच."

बाप इतका वेळ नीट उभा होता. ते ऐकून तो मटकन खाली बसला. "गुरुजी, दिलेलं परत तं नाय आणता येत. मंग आता काय करायचं?"

मी काकांकडे पाहिलं. ते खाकरले. माझ्या मागे आणखी दोन कुटुंबं खोळंबली होती आणि सगळ्यांचे कान इकडेच होते.

"परत आणायचं नाही," मी म्हटलं. "माझ्या या गुडघ्यात अशाच एका परक्या माणसाची कंडरा आहे. त्याच्या घरच्यांनी दिली म्हणून मी तुमच्यापुढे मांडी घालून बसलोय. त्याचं काही अडलेलं नाही. तुमच्या मुलाचंही अडणार नाही."

खोळंबलेल्यांपैकी एक कुटुंब उठून काकांच्या पुढ्यात जाऊन बसलं. काकांनी त्यांना तत्परतेने जागा करून दिली. मी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि विधी पुरा केला.

निघताना बाप नमस्काराला वाकला. त्याचा हात पावलापर्यंत गेलाच नाही, गुडघ्यावर थांबला. धोतरावरूनच त्याने तो हळूच चाचपला, तापलेल्या पोराचं कपाळ चाचपावं तसा.

"आता दुखत नाय ना?" त्याने विचारलं.

सकाळपासून दगडावर बसून गुडघा ठणकत होता. मी नाही म्हणालो.