मुलाखतीतला तिसरा आवाज

केसरकाकीला पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, तेव्हा ती हसून म्हणाली, "कल्पिता, माझं लगीन ठरवतेस का काय?"

एरवी ती मागच्या दारानं यायची, मासळीची पाटी घेऊन. काशीदला कल्पिताकडे पर्यटक उतरायचे, त्यांच्या ताटातलं कालवण काकीच्या मासळीचं. काकी बोलायला फटकळ, मापाला सढळ. नवरा हिरामण दर्यात गेला तेव्हा पोरगा लहान होता. होडी परत आली, हिरामण आला नाही. काकीनं पाटी उचलली, पोराला वाढवलं, सून आणली.

कल्पिताची मुलगी प्राप्ती मानसशास्त्रात एम.ए. करत होती, आणि यंदा गुणात्मक संशोधन शिकत होती. "आकडे नाहीत आई, माणसाच्या तोंडून त्याचं जगणं ऐकायचं." विषय घेतला होता, दर्यात माणूस गमावलेल्या बायका. काकीला तयार केलं कल्पितानंच. काकीची अट एकच, "तू बसशील तर बसते." आणि प्राप्तीनं आईला बजावलं, "ती गप्प झाली तर गप्प राहू दे. मध्ये बोलू नकोस."

मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू झालं. काकी त्या सकाळबद्दल बोलली. भाकऱ्या, पाण्याचा कॅन, फिरलेलं वारं. मग थांबली. प्राप्ती शांत बसून राहिली. कल्पिताला मात्र ते सोसवेना. पोरीची मुलाखत वाया जातेय की काय, या धास्तीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "भांडण झालेलं का गं, काकी?"

काकीनं तिच्याकडे बघितलं.

"व्हय. राती पिऊन आलावता. मी बोलले, आज गेलास तर परत तोंड दाखवू नको." तिनं पदर तोंडाला लावला आणि उठून गेली.

त्या दिवसापासून मासळी सून मनाली आणू लागली. "आयचे गुडघे दुखतात," म्हणायची. बाजारात मात्र काकीचे गुडघे ठणठणीत होते.

प्राप्तीनं मुलाखत शब्दन् शब्द टाइप केली. कॉलेजातल्या तिच्या बाईंनी समासात विचारलं, 'हा तिसरा आवाज कोणाचा?' मग सांगितलं, काकीला सगळं वाचून दाखव, तिला नको असेल ते काढ.

"भांडणाचं हेच माझं सगळ्यात चांगलं पान आहे, आई," प्राप्ती म्हणाली.

तेवढं न वाचता ठेवलं तर? काकीच्या ध्यानातही नसेल ते, असं कल्पिताच्या मनात येऊन गेलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

मनाली बाजारात गेलेली बघून दोघी काकीच्या अंगणात गेल्या. प्राप्ती वाचत गेली, काकी मान डोलवत गेली. भांडण आलं आणि काकीनं हात वर केला.

"नाव बदललंस, बरं केलंस. पर हे काढ. गावाला कळायला नाव कशाला लागतं? पोरगा म्हणंल, आयनंच बापाला शाप दिला."

प्राप्तीनं तिच्यासमोर तेवढा मजकूर पुसला, मोबाइलवरचं रेकॉर्डिंगही पुसलं. "गेलं, काकी."

"तुझ्याकडचं गेलं, बाय," काकी म्हणाली. कल्पिताकडे तिनं आत्ता पहिल्यांदा पाहिलं.

"मी कोणाला सांगणार नाही गं, काकी. शपथ."

"न्हाय सांगणार, मला ठाव हाय. पर तुला तर ठाव झालं ना!"

काकी उठली, आणि उन्हात पसरलेली सुकट हातानं खालीवर करू लागली. उद्याही पाटी मनालीच आणणार, हे कल्पिताला तिथंच कळलं.