कोरलेला बांध

दोन रानांमधली मातीचा वरंबा म्हणजे बांध. पण आमच्या अवसरीत 'बांध कोरला' एवढं ऐकलं की बायका आधी हळदीचा डबा काढून ठेवतात.

धाकट्या चुलत्याने ट्रॅक्टर घालून आमचा बांध वीतभर कोरला, तेव्हा वडील खोरं घेऊन धावले. चुलत्याने कुदळ उचलली. दोघं असे भिडले, की आवाजाने पार लांब आळेफाट्यावरचे ट्रक थांबले, राव! वडिलांचा दात उडून उसात पडला, चुलत्याचं कपाळ फुटलं. दम लागल्यावर दोघांनी खाली पाहिलं, तर तुडवातुडवीत बांधच सपाट झालेला.

"दादा, बांध नेमका कुठं व्हता?" चुलत्याने रक्त पुसत विचारलं.

वडिलांनी लगेच चुलत्याच्या रानात हातभर आत बोट दाखवलं, आणि पुन्हा जुंपली.