तिसरी करंजी

सत्तरच्या दशकात निवडणूक जवळ आली, की लंडनच्या पिनर उपनगरातल्या एका साध्या घरापुढे अनोळखी मोटारी उभ्या राहायच्या. आत स्वयंपाकघरात कुणीतरी उमेदवार कोट मांडीवर घेऊन बसलेला असायचा आणि सिप्पोरा पेणकर त्याला सांगत असायची, की भाषणं कमी करा आणि अमुक गल्लीतल्या लोकांचं आधी ऐकून घ्या. दोन्ही पक्षांचे लोक यायचे. फक्त एकाच निवडणुकीत दोघांचं काम तिनं कधी घेतलं नाही.

सिप्पोराला लोकांच्या दारात उभं राहायची पहिल्यापासून हौस. माझगावला शेजारणीकडे कोथिंबीर मागायला गेली, की ती तासाभरानं परत यायची, तीही बहुधा कोथिंबिरीशिवाय. नवऱ्याबरोबर पिनरला आली आणि तिची पंचाईत झाली. सियोन पहाटे पोस्टात कामाला जायचा आणि इथली दारं सगळी बंद. कारणाशिवाय कुणी कुणाचं दार वाजवत नसे. म्हणून स्थानिक पेपरात ‘जनमत चाचणीसाठी महिला हव्यात’ अशी जाहिरात दिसली, तेव्हा तिला पगाराच्या आधी दार वाजवायला मिळालेलं कारण दिसलं.

चाचणी घेणारी कंपनी छोटीशी होती, शेजारच्या हॅरोमध्ये चपलांच्या दुकानावर. तिचे मालक मिस्टर हॅलम उंच, जरा पोक काढून चालणारे, जूनमध्येही मफलर गुंडाळणारे. त्यांनी तिला धडा दिला तो एवढाच : प्रश्न छापला आहे तसा विचारायचा, एकदाच विचारायचा, आणि मिळेल ते उत्तर लिहून घ्यायचं. ‘अजून ठरलं नाही’ हेही उत्तरच आहे, त्यालाही मान द्यायचा.

चौसष्ट आणि सहासष्टच्या निवडणुका सिप्पोरानं छत्री घेऊन पायी पालथ्या घातल्या. पडद्याआडून कोण बघतंय हे तिला फाटकातच कळायचं. गुलाबाची तारीफ केली की दार उघडतं, हेही तिला समजलं. अडुसष्टमध्ये कौन्सिलच्या निवडणुकीसाठी हॅलमनी एका वॉर्डची सगळी चाचणी तिच्यावर सोपवली आणि हाताखाली बायका दिल्या.

इथे ती चुकली, आणि चुकली ती अगदी आपल्या माणसासारखी. मुंबईतल्या तिच्या घरी पाहुणा चहाला ‘नको’ म्हणाला, की आधण ठेवलं जायचं. पहिला नकार हा फक्त रीत म्हणून असतो, हे ती लहानपणापासून बघत आलेली. तिनं बायकांना तेच शिकवलं. कुणी ‘ठरलं नाही’ म्हणालं तर हलायचं नाही, हसून परत विचारायचं, लागलं तर तिसऱ्यांदा. झालं, न ठरलेल्यांचा रकाना जवळजवळ रिकामा झाला. सिप्पोरा खूश. तिचे उमेदवार सायकलवाले मिस्टर पेटिट मोठ्या फरकानं येणार, असा अहवाल गेला. त्यांच्या बायकोनं नवी हॅट घेतली आणि विजयाच्या पार्टीसाठी सँडविचेसची ऑर्डर दिली.

मिस्टर पेटिट चांगलेच आपटले. सज्जन माणूस, रागावले नाहीत. फक्त सगळी सँडविचेस त्यांनी हॅलमच्या ऑफिसात पाठवून दिली.

सिप्पोरानं नोकरी सोडायचं ठरवलं. त्या रविवारी हॅलम आपणहून पिनरला चहाला आले. तिनं नारळाच्या करंज्या केल्या होत्या. एक संपल्यावर तिनं दुसरी वाढली, तेव्हा ते ‘नको’ म्हणाले आणि त्यांनी ती खाल्ली. तिसरीच्या वेळी त्यांनी ताटलीवर हात धरला. तिनं तो प्रेमानं बाजूला केला. तिसरी करंजी संपवून त्यांनी मिशा पुसल्या.

“मिसेस पेणकर, ही मला खरंच नको होती.”

“मग खाल्लीत कशाला?”

“तुम्ही इतक्या आशेनं बघत होता. त्या वॉर्डातल्या लोकांनीही हेच केलं असणार. तुमच्या बायका दारातून हलेनात, म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघून लोकांनी ओळखीचं एक नाव दिलं.”

सियोन कोपऱ्यात पेपर वाचत होता. तो पेपराआडूनच म्हणाला, “हे मी लग्नापासून सांगतोय.”

सिप्पोरा आधी लाल झाली, मग इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं नोकरी सोडली नाही. पण एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. पाहुण्याचा पहिला ‘नको’ दर वेळी खराही नसतो, मग तो ओळखायचा कसा?

याचं उत्तर मिळायला सत्तर साल आणि पार्लमेंटची निवडणूक उजाडावी लागली. सँडविचेसची गोष्ट एव्हाना सगळीकडे पोचली होती आणि हॅलमकडे एकच गिऱ्हाईक उरलं होतं : ब्रॅकनेलच्या बाजूच्या विरोधी पक्षाच्या एका उमेदवाराचे एजंट, मिस्टर डॉबसन. हे काम बिघडलं तर कंपनीला कुलूप लावावं लागेल, असं हॅलमनी सिप्पोराला सरळ सांगून टाकलं.

या वेळी तिनं एकदाच विचारलं. नव्या वसाहतीत ‘ठरलं नाही’चा ढीग पडला, तो तिनं तसाच ठेवला. लंडनचे मोठे चाचणीवाले सरकार आरामात परत येणार म्हणत होते. डॉबसननी मनातून हार मानली होती. तेव्हा सिप्पोरा हॅलमना म्हणाली, की मला त्याच दारांवर परत जायचंय. उभ्या उभ्या आग्रह नाही करणार. निघून आलेय, आता परत जाईन आणि पुन्हा एकदाच विचारीन.

रविवारी इंग्लंड फुटबॉलमध्ये हरलं आणि सोमवारी सकाळी सगळी वसाहत सुतकी तोंडानं बसली होती. त्यात सिप्पोरा गुलाबांची तारीफ करत फिरली. “माफ करा, परत मीच.” बायका हसल्या. मधल्या दिवसांत त्या दुकानात जाऊन आल्या होत्या, लोण्याच्या भावावरून चिडल्या होत्या आणि आता त्यांचं ठरलं होतं. त्या डॉबसनच्या उमेदवाराच्या बाजूनं होत्या. पण एकीनं सहज म्हटलं, की मोटार नवरा घेऊन जातो, आणि दोन पोरं नि बाळाची प्रॅम घेऊन टेकडी चढून मत द्यायला कोण जाणार?

सिप्पोरा हॅलमना घेऊन तडक डॉबसनकडे गेली. शेवटची सभा रद्द करा, गुरुवारी, मतदानाच्या दिवशी, दुपारी या वसाहतीत मोटारी पाठवा, आणि त्यांत प्रॅम मावली पाहिजे.

“सँडविचेसचीही ऑर्डर देऊ का?” डॉबसननी विचारलं.

“सँडविचेस नकोत,” ती म्हणाली. “व्हॅन असल्या तर बघा.”

डॉबसननी हॅलमकडे पाहिलं. हॅलमनी मफलर सारखा केला आणि म्हणाले, मी हिच्यावर कंपनी लावलीय, तुम्ही व्हॅन लावा. गुरुवारी दुपारी बेकरीच्या, लाँड्रीच्या, एक तर चक्क मासळीची, अशा व्हॅन टेकडी चढत होत्या.

मोजणी शुक्रवारी लांबली, पुन्हा मोजा म्हणाले. पेणकर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू; संध्याकाळी घरी शब्बाथचे, विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लागले. दिवे लागल्यावर पेणकरांकडे फोन उचलत नाहीत आणि रेडिओही लावत नाहीत. सिप्पोरा टेबलाशी बसली, पण सारखी बंद रेडिओकडे बघत होती. एवढ्यात समोरच्या घरातली तिची मैत्रीण, डॉक्टरांची बायको वीणा, दारात आली. हॅलमना या घरची रीत ठाऊक होती. त्यांनी फोन वीणाकडे केला होता.

“मी काही सांगायला आलेले नाही हं,” वीणा म्हणाली. “तुझ्या दारात जरा उभी राहून हसते आणि जाते.”

सियोननं जेवणाआधीचा आशीर्वाद दुसऱ्यांदा म्हटला, मुद्दाम मोठ्यानं.

सियोननं एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला नवस म्हणून मलिदा कबूल केला होता, हे सिप्पोराला नंतर कळलं. पुढच्या रविवारी भिजवलेल्या पोह्यांत नारळ, साखर, वेलची घालून त्यांनी मलिदा केला, फळं मांडली, प्रार्थना झाली. डॉबसन आले. सायकलवाले पेटिटही बायकोला घेऊन आले. बाईंच्या डोक्यावर अडुसष्टची ती हॅट होती, पहिल्यांदाच घातलेली. हॅलमनी ऑफिसच्या दारावरच्या नव्या पाटीचा कागद खिशातून काढून सियोनला दाखवला : ‘हॅलम आणि पेणकर’.

सिप्पोरा पातेलं घेऊन फिरत हॅलमपाशी आली. त्यांची बशी रिकामी होती.

“अजून देऊ?”

“नको, थँक यू.”

तिनं मान डोलावली आणि ती पुढे गेली. हॅलम रिकाम्या बशीकडे बघत बसले. सिप्पोरानं डॉबसनना वाढलं, पेटिट नवराबायकोला वाढलं, वीणाशी गप्पा मारल्या. मग खोलीला वळसा घालून ती परत त्यांच्यापुढे उभी राहिली आणि तिनं एकदाच विचारलं.

हॅलमनी बशी पुढे केली. “आता ठरलं,” ते म्हणाले.