अजून पक्कं नाय

"अजून पक्कं नाय," असं म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला की समजायचं, आणखी एक आठवडा गेला. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. आमचे काका आता नाहीत, पण त्यांच्यावरची चिडचिड आठवली की अजूनही ताजी वाटते.

दिवेआगरला आमची नि त्यांची वाडी लागून. मुलगा पुण्याला, काकू त्या मोठ्या चक्रीवादळाच्या आधीच वारलेल्या. घरात ते एकटेच. वादळात सुपारी आडवी झाली, कौलं उडाली आणि घरोघरचे अल्बम भिजून लगदा झाले. तेव्हा वीज खात्यातून निवृत्त झालेले काका आपणहून म्हणाले, "तुमच्या फोनांत, कार्डांत जे काय उरलंय ते माझ्याकडे द्या. एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवतो. आळीतल्या कुठल्याही घरातून फोटो बघा." आम्ही विश्वासाने दिलं. त्यांनी सगळं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं.

आणि तिथेच घोडं अडलं. त्या कॉम्प्युटरवर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम घालायची, हेच ठरेना. सोमवारी उबुंटू असायची, गुरुवारी डेबियन. मग खास फोटो साठवायलाच बनवलेली कुठलीशी तिसरी. जरा वापरून बघायचे, इंटरनेटवर कुणाचं तरी काहीतरी वाचायचे आणि पुसून टाकायचे.

"काका, फोटो दिसले म्हणजे झालं ना?"

"तसं नाय रे. उद्या बंद पडली तर?"

"मग विंडोज घाला. सगळ्यांना येते."

यावर ते असे बघायचे, जसा काही मी त्यांच्या विहिरीत थुंकलो.

आळीतल्यांनी विचारणं सोडून दिलं. मला मात्र सोडता येईना. आईचं वर्षश्राद्ध आलं होतं, तिचा एकही फोटो घरात नव्हता आणि माझं कार्ड खाऱ्या हवेने कधीच निकामी झालेलं. मी त्यांच्याकडे गेलो, तर टेबलभर वायरी आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा.

"आज नको रे. मधेच हाय सगळं."

माझा तोल गेला. "तुम्हाला निवडायचीच नाही कुठली! आमची आई कोंडून ठेवलीय तुम्ही त्या डिस्कमध्ये!"

ते खुर्चीत बसले. एक वायर बोटाला गुंडाळायला लागले.

"पहिल्या खेपेला लगेच निवडली होती मी," ते म्हणाले. "आतली डिस्क पुसू का, म्हणून विचारलं कॉम्प्युटरने. मी हो म्हटलं. तुझ्या काकूचे सगळे व्हिडिओ, फोटो त्या आतल्या डिस्कवर होते. अल्बम तर वादळातच गेला."

माझा राग गेला नाही. फक्त तो कुणावर काढायचा ते कळेना.

"बटण मी दाबतो," मी म्हटलं. "तुम्ही आमच्या फोटोंची डिस्क काढून बाहेर घेऊन बसा."

ते पडवीत जाऊन बसले, डिस्क दोन्ही हातांत धरून. मी डेबियन घातली.

"तीच का?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"पेनड्राइव्हवर तीच आहे म्हणून."

त्यांना ते कारण मुळीच पटलं नाही, पण उठून आत आले नाहीत. सगळं झाल्यावर मी हाक मारली, तेव्हा कुठे त्यांनी डिस्क माझ्या हाती दिली.

संध्याकाळी आमच्या टीव्हीवर फोटो दिसायला लागले, तशी आळी गोळा झाली. आई दिसली, उभी वाडी दिसली. काका दारातच उभे होते. इथे त्यांचं काय असणार?

मग माझ्या बहिणीच्या हळदीचा फोटो आला. आई हळद कालवतेय आणि तिच्या शेजारी, पिवळ्या हातांनी, मान मागे टाकून हसणाऱ्या काकू.

"थांबव," काका म्हणाले.

ते चालत आले आणि थेट टीव्हीपुढे उभे राहिले, अगदी जवळ. मागच्या कुणालाच काही दिसेना. पोरं माना वाकड्या करून बघत होती. पण बाजूला व्हा, असं त्यांना कुणीच म्हणालं नाही.