केसरबाईच्या बाजूचं दार

दयारामभाऊजी गेले त्या दिवशी बुलढाण्याहून त्याइले घेऊन येणारी गाडी घरापुढं थांबली. भाऊजीले उतरवून घेतल्यावर गाडीवाल्यानं मागचं दार धाडकन आपटलं. ते काई लागलं नाई. त्यानं पुन्हा आपटलं. आमची तानाबाई, भाऊजीची बायको, तेवढ्या रडारडीतून उठली, त्या माणसाले बाजूले केलं, दार जरासं वर उचललं अन् तळहातानं दाबलं. लागलं. मंग ती भाऊजीच्या उशाशी जाऊन बसली.

जानेफळात कोणालेबी इचारा, दयाराम कोण होता, तं म्हणतीन ड्रायव्हर होता. होतेच. पण तानाबाईले इचारलं तं ती त्या काळ्या मोटारीचं सांगते, अन् सांगता सांगता आजबी तिचा आवाज बारीक होते.

महाराष्ट्र होऊन काई सालं झाली होती तवाची गोष्ट. भाऊजी खामगावले एका कापसाच्या जिनवाल्या शेटकडे गाडी चालवत. शेटची एक जुनी काळी मोटार होती. ती शेटच्या जावयानं नाल्यात पलटी केली. जावई वाचला, मोटार ठोकूनठाकून उभीबी केली, पण शेटचं मन तिच्यावरून उडालं. भंगारवाला न्याले आला तं भाऊजी आडवे झाले. म्हणे भंगाराच्याच मोलात मले द्या. अशी ती मोटार जानेफळात आली, अन् थेट आमच्या बौद्धवाड्यात येऊन निंबाखाली उभी राह्यली. गावात कोणाच्याच घरी मोटार नव्हती. लोक ये-जा करताना उगाच हात लावून पाहत.

इंजिन तिचं लय गुणाचं. पण दारं! चारी दारं पलटी खाऊन वाकडी झालेली, अन् ठोकणाऱ्यानं ज्याची त्याची मर्जी राखल्यासारखी बसवलेली. एक वरून घासे, एक खालून लोंबे, एकाच्या फटीतून तं मांजर जाये. कुलपाची जीभ एकीकडं अन् तिची खोबण दुसरीकडं. मंग भाऊजीनं सगळ्या दाराइले आतून दोऱ्या बांधल्या. बसणाऱ्यानं आपली दोरी आपण धरून बसाची. गाव म्हणे दोरीची मोटार.

भाऊजीची माय केसरबाई मागं डाव्या बाजूले बसे. एकदा मेहकरच्या बजारातून येताना नाल्याच्या वळणावर तिच्या हातची दोरी सुटली, दार सताड उघडलं अन् म्हातारी बुडी बाहेर. नाल्याच्या काठाले पडली. जीव वाचला, पण उजव्या मांडीचं हाड असं बसलं का तिले पायरी चढता येईना. तवापासून ती मोटारीकडं पाह्येना. म्हणे, ज्या दारानं मले फेकलं, ते धरून ठेवाले शिकन तवाच मी त्याच्यातून आत जाईन.  त्या दिवसापासून भाऊजीनं मायसमोर मोटार कधी चालूबी केली नाई.

मंग एक दिवस धामणगाव बढ्याहून निरोप आला. केसरबाईची मोठी बहीण जनकाबाई बाजंले खिळली होती, अन् रोज इचारे का केसर आली का. दोघी बहिणीइची लय सालांपासून भेट नव्हती. जानेफळ कोठी अन् धामणगाव बढे कोठी, जिल्ह्याचं हे टोक अन् ते टोक. एसटीची पायरी केसरबाईले चढता येत नव्हती. बैलगाडीचा तेवढा दणका तिच्या मांडीले सोसला नसता. राह्यली मोटार. अन् मोटारीले ते दार.

भाऊजीनं गाड्या-वखरं करणारे उकंडराव सुतार बोलावले. दोघं जुने दोस्त, एकमेकाले शिव्या दिल्याशिवाय काम होत नसे. मोटार हालू नये म्हणून चाकं काढून तिले दगडाइवर चढवली. दारं उतरवली, कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, तापवून सरळ केले, जिथी दार मागं राह्यलं तिथी कब्ज्याखाली डालड्याच्या डब्याच्या पत्र्याच्या चिपा सारल्या. कुठी कानस, कुठी हातोडी. सरतेशेवटी चारी दारं अशी बसली का उकंडरावानं घरून नारळ आणून फोडला अन् खोबरं वाटलं.

चाकं लावली, मोटार खाली आली. खोबरं खाल्लेले लोक हौसेनं आत शिरले, मागं तं दाटीवाटीनं. दारं ओढली, तं एक लागेना, दुसरं लागलं ते उघडेना. कचरू म्हणून एक जाडा गडी होता, तो आतच अडकला. त्याले खिडकीतून ओढून काढला, त्याचा सदरा फाटला. उकंडराव निंबाले टेकून हासत होते.

"दयाराम, तुही मोटार बिना माणसाची लय चांगली चालन बे."

भाऊजी हासले नाई. ते मोटारीच्या सावलीत जाऊन बसले. घरात केसरबाई गोधडी शिवत होती, तिले सगळं आयकू आलं असन. तानाबाई सांगते, मायनं ते आयकलं हेच भाऊजीले जास्त लागलं.

जेवताना भाऊजी भाकर मोडून तशीच धरून बसले. तानाबाई समोर, अन् मधात दोरीची बाज, तिच्यावर लेकरं झोपलेली. बाजंचा एक पाय उचलून आलेला. तिनं तो पाह्यला, मंग नवऱ्याकडं पाह्यलं.

"रिकामी बाज कितीबी ताणून इणा, माणूस बसलं का तिचं आंग बदलते," ती म्हणे. "तुम्ही रिकाम्या मोटारीले दारं लावली. वरून दगडावर टांगून."

भाऊजीनं भाकर खाली ठेवली. काई वेळ तिच्याकडं पाहतच राह्यले. तानाबाई म्हणते, लग्नाले एवढी सालं झाल्ती पण असं त्याइनं कधी पाह्यलं नव्हतं. मंग भाकर पुरी खाल्ली, अजून एक मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी निंबाखाली जे झालं ते कोणी कधी पाह्यलं नव्हतं. भाऊजीनं मोटार चाकाइवर, सपाट जाग्यावर उभी केली. मंग धामणगावले जो जिथी बसणार, तो तिथी बसवला. ड्रायव्हरच्या जाग्यावर आपला भाऊ माणिकराव, कारण तो आंगानं आपल्यासारखाच. बाजूले तानाबाई. मागं उजवीकडं जनकाबाईसाठी न्याची ज्वारी अन् तुरीची डाळ. अन् मंग एकेक दार त्या वजनात बसवाले घेतलं. किती वेळ बसणार? तानाबाईनं मांडीवर सूप घेतलं अन् डाळ निवडाले लागली. माणिकराव भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. गल्लीतल्या बाया येऊन म्हणत, काय वं तानाबाई, कुठवर पोचली तुही मोटार? ती म्हणे, चिखली आली, उतरता का चहाले?

भाऊजी चिपा काढत, चिपा सारत. उकंडराव दार उचलून धरत. पहिलं बसलं. दुसरं बसलं. मागचं उजवंबी बसलं. राह्यलं डावं, केसरबाईच्या बाजूचं.

उकंडराव म्हणे, बुडीच्या जाग्यावर धान्याचं पोतं ठेवू, वजन ते वजन. भाऊजीनं मान हालवली. पोतं मधात बसते, म्हणे. माय उजवी मांडी उचलून धरते, ती दाराकडं कलून बसते. तसं पोतं कसं कलन?

पण मायले म्हणावं कसं का बस? तिची तं आण होती. भाऊजी बराच वेळ हातातला पाना फिरवत राह्यले. मंग त्याइनं ते दार कब्ज्यासकट पुरं काढलं, अन् नेऊन निंबाच्या बुडाले टेकवून ठेवलं. अन् घराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभे राह्यले.

"माय, ज्या दाराची तुले आण हाये ते तथी निंबाले टेकलं हाये. मोटारीले आता दारच नाई. बसतं का?"

केसरबाईनं सुई गोधडीत खोचली. दाराकडं पाह्यलं, मोटारीकडं पाह्यलं. मंग लेकाचा खांदा धरून लंगडत आली, अन् गोधडी मांडीवर घेऊन आपल्या जाग्यावर बसली. उजवी मांडी उचलून, डावीकडं कलून. मोटार त्या कोपऱ्यावर बोटभर खाली गेली. ते खाली जाणं तानाबाईले पुढं बसल्या बसल्या आंगात कळलं.

आता मोटारीत सगळं धामणगावले जाताना असन तसंच होतं, अन् त्या वजनावर भाऊजीनं दार आणून लावलं. तानाबाईच्या डोक्यावरच्या आरशात तिले मागचं सगळं दिसे. तिनं डाळ निवडणं सोडून दिलं. भाऊजी दार ओढत अन् डोळे मिटून कान पत्र्याले लावत. पुन्हा उघडत, एक चीप काढून पातळ सारत, पुन्हा कान लावत. जसं काई आतून कोणी त्याइले सांगू राह्यलं होतं. हेच हात ती रोज पाहे, बिडी पेटवताना, लेकराले आंघोळ घालताना. ह्या हाताइत हे होतं अन् आपण एका घरात राहून पाह्यलं नाई, असं तिले वाटलं. केसरबाई टाका घालत होती. दाराची वरची कड बसली, खालची बसली. पत्रा अन् पत्रा यांच्यामधात जी फट राह्यली ती वरपासून खालपर्यंत एकसारखी, दोऱ्यासारखी.

"आता तूच ओढ," भाऊजी मायले म्हणे. "जोर नोको लावू."

केसरबाईनं सुई तोंडात धरली अन् दोन बोटानं दार ओढलं. आवाज म्हणाल तं धाड नाई अन् खडखड नाई. पितळी डब्याचं झाकण आपल्या जाग्यावर बसते तेवढाच.  उकंडरावानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्याइले शिवी सुचली नाई.

मंग बुडीनं जे केलं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गोधडी बाजूले ठेवली, अन् आपला खांदा, मंग डोकं, मंग सगळं आंग तिनं त्या दारावर टाकलं. भाऊजी बाहेरून हात पुढं करून उभे राह्यले, झेलाले. दार हाललं नाई. ती तशीच टेकून राह्यली. आरशात तानाबाईले तिचे डोळे मिटलेले दिसले.

"सकाळी निघू," ती आतूनच म्हणे. "बहीणबाई वाट पाहू राह्यली असन."

सकाळी निघाले. मेहकरकडून चिखली, बुलढाणा, घाट उतरून मोताळा. घाटाच्या एकेका वळणावर भाऊजीचे डोळे आरशात मायकडं जात, अन् माय दाराले टेकून झोपलेली. दोऱ्या सगळ्या काढून टाकलेल्या होत्या.

धामणगावात जनकाबाईले लोकाइनं बाजंसकट उचलून रस्त्यावर आणलं होतं. केसरबाईनं दार आपल्या हातानं उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, बहिणीले दाखवाले. जनकाबाई बाजंवरूनच म्हणे का मले बी आत घे. मंग भाऊजीनं तिले दोन्ही हातावर उचलून मायच्या शेजारी बसवलं, ज्वारी काढलेल्या जाग्यावर. केसरबाईनं गोधडी दोघीइच्या मांडीवर पसरली अन् काचा वर करून दार ओढून घेतलं.

किती वेळ त्या बोलत होत्या. काचातून दोघीइची तोंडं हालताना दिसत, एकदा हासल्या, एकदा एकमेकीचे डोळे पुसले. जनकाबाईनं पुढचा पाऊस पाह्यला नाई. काय बोलल्या ते कधीच कोणाले कळलं नाई. भाऊजी त्या दाराच्या बाहेर, हाताच्या अंतरावर, ते उघडेपर्यंत उभे होते, अन् आतलं एक अक्षर बाहेर आलं नाई.