बाळारामदादांच्या ट्रॅक्टरचं मागचं वजन

शिरवण्याला आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. बाबांनंतर मीच चालवते. ग्रिल, गेट, शेड करून देतो आणि विसरून जातो. पण एखादं काम असं येतं, की त्याचे किस्से नवीन माणूस चहाला बसला की सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाळारामदादांचं काम त्यातलं.

दादा सारसोळ्याचे, मासेमारी करणारे. तिथे होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर इतका गाळ साचला, की सहा होड्या काठावरच अडकल्या. धंदा बंद. मग दादांनी एका नर्सरीतला जुना, छोटा ट्रॅक्टर आणला, पुढे बकेट असलेला. पहिली बकेट भरून उचलली आणि मागची चाकं हवेत.

उपाय म्हणून मागे तीन माणसं उभी केली. तेवढ्यात दादांची बायको, मंजुळावहिनी, डबा घेऊन आली. तिने तिघांना खाली उतरवलं.

"मानसं काय वजन म्हनून लावता? उद्या कोन पडला तर त्याच्या घरी सांगायला मी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी दादा माझ्या दारात. "तुझ्या वहिनीनं धाडलंय. ट्रॅक्टरला मागं वजन बनवून दे."

*

वजन किती, हा प्रश्न होता. आमचे जुने गिऱ्हाईक देशमुख, ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये असतात, ते त्या दिवशी गेट बघायला आले होते. त्यांनी लॅपटॉप उघडला, ट्रॅक्टरचं मॅन्युअल शोधलं, मागची, नांगर उचलायची लिफ्ट किती वजन पेलते ते पाहिलं. अर्धा तास गेला.

"चारशे किलो. त्याच्यावर नको."

दादा म्हणाले, "म्हंजे सहा मानसं. एवढ्यासाठी अर्धा तास?"

देशमुखांनी लॅपटॉप मिटला. "माणसं कमी-जास्त जेवतात, दादा."

*

मी चौकोनी साचा बनवला. आत सळया, भंगारातले जुने गिअर, लिफ्टचे हात अडकवायला दोन जाड पिना आणि वरच्या दांड्यासाठी एक पट्टी. वर्कशॉपच्या कोपऱ्यात साचा ठेवून काँक्रीट ओतलं, आठवडाभर पाणी मारलं. सगळं नीट केलं. फक्त साच्याला तळ नव्हता आणि खाली प्लास्टिक अंथरायचं राहिलं.

उचलायच्या दिवशी दादांनी ट्रॅक्टर मागे घेतला, पिना लावल्या, लिफ्ट ओढली. ब्लॉक हलेना. ट्रॅक्टरची पुढची चाकंच हळूहळू वर यायला लागली.

दादा स्टिअरिंग धरून म्हणाले, "तिथं मागचा उठतो, हितं पुढचा उठतो. मी बसू कुठं?"

दादांनी लिफ्ट खाली सोडली. आम्ही पहारीने कडा मोकळ्या केल्या. दुसऱ्या ओढीला कडकन आवाज आला आणि ब्लॉक वर आला. माझ्या फरशीचा तुकडाही त्याच्यासोबत वर आला. मी खड्ड्याकडे बघत उभी राहिले. शेजारी गेट न्यायला आलेले देशमुख.

"हे धरून चारशे बारा होईल," ते म्हणाले. "चालेल."

*

सारसोळ्याला सगळी वस्ती बघायला जमली होती. दादांनी काठोकाठ बकेट भरली आणि उचलली. मी फक्त मागची चाकं बघत होते. ती चिखलात घट्ट होती. दादांनी गाळ बाजूला नेऊन टाकला, परत आले, दुसरी बकेट भरली. तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली, "आता कसा गुमान उभा हाय."

चार दिवसांत उतार मोकळा झाला. सहाही होड्या एकाच भरतीला पाण्यात गेल्या. मी कितीतरी गेट बसवली असतील, पण माझ्या कामासाठी लोकांनी टाळ्या वाजवलेल्या तेव्हाच ऐकल्या.

*

संध्याकाळी दादांनी वजन उताराच्या बाजूला उतरवलं आणि ट्रॅक्टर धुवायला नेला. आम्ही वहिनीकडे जेवायला बसलो. जेवून परत आलो, तर ब्लॉकच्या पिनेला जाड दोर बांधलेला, आणि दोराच्या टोकाला एक होडी निवांत डुलत होती. आत एक म्हातारे बाबा जाळं आवरत बसले होते.

दादा म्हणाले, "बाबा, ट्रॅक्टरचं वजन हाय ते. मना न्यायचंय."

बाबांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"ने की. ओहोटी लागून होडी टेकू दे."